ग्रामसभेचा ठराव कुठे चालतो, कुठे अडतो

एका मोठ्या गावातल्या तरुण ग्रामपंचायत सदस्याचा प्रश्न आहे. गावाने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत चार ठराव केले. गावातली जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही. घरपट्टी थकवणाऱ्याला कोणताही दाखला द्यायचा नाही. देशी दारूचे दुकान बंद. प्लास्टिकची पिशवी दिसली की पाचशे रुपये दंड. ग्रामपंचायत अधिकारी म्हणाले, "यांना कायद्याचा आधार नाही." त्यावरून गावात दोन तट पडले. एक म्हणतो ग्रामसभा सर्वोच्च आहे, अधिकारी कोण सांगणारे? दुसरा म्हणतो, मग गावाची नगरपंचायतच करून घेऊ, अधिकार वाढतील. खरे काय, असा तुमचा सवाल आहे.

मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी होतो. निवृत्तीनंतर सरपंच आणि सदस्यांची प्रशिक्षणे घेतो. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. पहिले दोन ठराव टिकणार नाहीत. तिसरा टिकेल, पण वेगळ्या वाटेने. चौथ्याचा हेतू टिकेल, दंड तुम्ही लिहिला तसा टिकणार नाही. आणि नगरपंचायत झाल्यावर तुम्हाला आज जे सर्वात मोठे हत्यार हातात आहे, तेच जाईल.

आता कारणे.

आपल्याकडे गावाचा किंवा शहराचा अधिकार राज्याच्या कायद्यातून येतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला आणि ७४ वी १ जून १९९३ ला लागू झाली. त्यांनी दर पाच वर्षांनी निवडणूक, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग, वित्त आयोग या गोष्टी राज्यांवर बंधनकारक केल्या. पण पंचायतीला प्रत्यक्ष कोणते काम आणि कोणता अधिकार द्यायचा, हे अनुच्छेद २४३-जी ने राज्य विधिमंडळावर सोडले. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय आणि नगरपालिकांसाठी बाराव्या अनुसूचीतले १८ विषय ही राज्याने काय देता येईल याची यादी आहे. ती यादी दाखवून "हे आमचे अधिकार" असे म्हणता येत नाही. तुमचे अधिकार शोधायचे असतील तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ उघडावा लागतो. कलम ४५ आणि त्यासोबतची ग्रामसूची, कलम ७ ते ८-अ ग्रामसभेबद्दल, कलम १२४ कराबद्दल. प्रत्येक सदस्याने निदान एवढी पाने स्वतः वाचावीत, दुसऱ्याने सांगितलेल्या सारांशावर विसंबू नये.

"ग्रामसभा सर्वोच्च" हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. ग्रामसभा पंचायतीच्या वर आहे: हिशेब तिच्यापुढे ठेवावे लागतात, विकासकामांना तिची मंजुरी लागते, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी ती ठरवते. पण ती विधिमंडळाच्या वर नाही आणि घटनेच्या तर नाहीच. म्हणून ठराव लिहिताना मी एकच गोष्ट विचारायला शिकवतो: हे करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने आपल्याला दिला आहे? उत्तर सापडले तर ठराव आदेशासारखा लिहा. सापडले नाही तर ती मागणी आहे, आणि मागणी योग्य कार्यालयाच्या नावे लिहा. गावोगावच्या कार्यवृत्त पुस्तकांत मला सर्वाधिक दिसते ती या दोन्हींची सरमिसळ. स्वतःच्या अधिकारातले काम गाव विनंती म्हणून तालुक्याला पाठवते, आणि जे आपल्या हातात नाही त्याचा हुकूम काढते. पहिल्याने काम होत नाही, दुसऱ्याने ठराव रद्द होतो.

जमिनीचा ठराव घ्या. भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क घटनेने दिला आहे, आणि मालमत्तेपासून कायद्याशिवाय कोणाला वंचित करता येत नाही. ग्रामसभेने विक्री रोखली तर दुय्यम निबंधक तो ठराव मानणार नाही. दस्त नोंदवला जाईल. अनुसूचित क्षेत्राची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो. तुमच्या गावात डोंगरउतारावर प्लॉटिंग चालू आहे आणि म्हणून हा ठराव आला, असे तुम्ही लिहिले आहे. तर लढाई प्रादेशिक आराखडा, ओढ्यानाल्यांची हद्द आणि गायरान यांवर लढा. गायरानावर किंवा सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण असेल तर ते काढण्याचा अधिकार कलम ५३ ने पंचायतीला दिलेलाच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असे सर्व राज्यांना बजावले. इथे ठराव टिकतो, आणि तो करणाऱ्यांच्या मागे कायदा उभा राहतो.

याच संदर्भात एक गोष्ट कळकळीने सांगतो. "बाहेरचे" या शब्दाआडून कधी एखाद्या जातीधर्माच्या माणसांना, कधी आंतरजातीय लग्न केलेल्या घराला गाव बंद करण्याचे ठराव होतात. ते निव्वळ रद्द होण्याजोगे नसतात, तो गुन्हा ठरू शकतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम वाळीत टाकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो. अशा ठरावावर सूचक, अनुमोदक म्हणून नाव घालू नका आणि कोणाला घालू देऊ नका.

दुसरा ठराव करबाकी आणि दाखल्यांचा. यामागची चिडचिड मला पूर्ण समजते. पण जन्म-मृत्यूचा दाखला केंद्राच्या १९६९ च्या कायद्याने द्यायचा असतो, आणि इतर बऱ्याच सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदतीत देणे बंधनकारक आहे. आईच्या मृत्यूचा दाखला घरपट्टीपायी अडवला तर चूक पंचायतीचीच ठरेल. वसुलीसाठी कलम १२९ आहे: बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचे अधिपत्र. लोकअदालतीचा रस्ता आहे. आणि फार कमी लोक वापरतात असे कलम १४(१)(ह) आहे. कराचे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत न भरणारा माणूस पंचायतीचा सदस्य राहण्यास किंवा होण्यास अपात्र ठरतो. माझा सल्ला असा की वसुलीची सुरुवात सदस्यांच्या घरांपासून करा. बिल हातात देऊन पोच घ्या, ती पोच जपून ठेवा. गावात पुढाऱ्यांची थकबाकी भरली गेली की बाकीची वसुली हलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तिसरा, दारूचा. दारू हा राज्याचा विषय. परवाना उत्पादन शुल्क विभागाचा. पण दुकान हटवण्याची रीत राज्यानेच २००८ च्या आदेशाने घालून दिली आहे आणि तिला आपण "आडवी बाटली" म्हणून ओळखतो, कारण मतपत्रिकेवर बंदीचे चिन्ह तेच असते. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी, लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. बंदीच्या बाजूने निम्म्याहून अधिक मते लागतात, आणि ही निम्मी एकूण नोंदलेल्या मतदारांची, झालेल्या मतदानाची नव्हे. इथेच गावे हरतात. मतदानाला आलेल्या बायकांपैकी बहुतेक सगळ्यांनी आडवी बाटली निवडली तरी उपस्थिती कमी पडली की दुकान राहते. म्हणून सह्यांआधी मतदार यादी घेऊन बसा. मृत, लग्न होऊन गेलेल्या, दुबार अशी नावे रीतसर अर्ज करून वगळून घ्या. ऊसतोडीला गेलेल्या बायका कधी परततात ते पाहून मतदानाची मागणी करा. यादी साफ नसेल तर प्रचार कितीही चांगला करा, आकडा गाठता येत नाही. शहरातही अशी तरतूद प्रभागवार आहे.

चौथा, प्लास्टिकचा. राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आणि दंड ठरवून ठेवले आहेत: पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. ग्रामसभा यात स्वतःचा वेगळा दर घालू शकत नाही. तिने ठराव करावा तो अंमलबजावणीचा: बाजाराच्या दिवशी तपासणी कोणी करायची, कापडी पिशव्या कोणत्या बचत गटाने शिवायच्या, त्याचा खर्च कोणत्या शीर्षातून.

दंडाचा मुद्दा जरा थांबून पाहू, कारण हल्ली अशा ठरावांच्या बातम्या येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठरवला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून मोबाइल-टीव्ही दीड तास बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांना तो कित्ता गिरवण्याचे आवाहन करणारा आदेश काढला. हे ठराव मला मनापासून मोलाचे वाटतात. त्यांची ताकद गावाच्या संमतीत आहे. दंड कोणी राजीखुशीने भरला तर भरला. न भरणाऱ्याकडून सक्तीने वसूल करायचा तर अधिनियमाने किंवा रीतसर मंजूर उपविधीने (स्थानिक नियमाने) तो अधिकार दिलेला असावा लागतो. हेरवाडने ते ओळखले आणि दंडाऐवजी निर्धार लिहिला. तो ठराव टिकला आणि पसरला.

आता जिथे गाव खरोखर मालक आहे तिकडे वळू. लोक टाळतात तो विषय: कर.

कलम १२४ ने पंचायतीला इमारती-जमिनींवरचा कर, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य आणि विशेष पाणीपट्टी, बाजार फी, यात्रा कर असे बरेच काही लावता येते. दर राज्याने नियमांत किमान-कमाल असे बांधून दिले आहेत, पण त्या दोन टोकांच्या मध्ये निर्णय गावाचा. २०१५ च्या अखेरच्या दुरुस्तीनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर येते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. आता नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उघडून बघा. दुमजली बंगला आणि मंगल कार्यालय अजून "कौलारू घर" म्हणून नोंदलेले दिसेल. रस्त्यालगतचे गाळे नोंदलेलेच नसतील. ही नोंद दुरुस्त करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. पैसा तिथे आहे, आणि तो पैसा पूर्णपणे तुमचा आहे.

वित्त आयोगाच्या निधीशी तुलना करा. १५ व्या वित्त आयोगाचे (२०२१-२६) ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, ४० टक्के अबंधित. म्हणजे वरून आलेल्या निम्म्याहून अधिक पैशाबरोबर त्याचा वापरही ठरून आला. स्वनिधीवर मागासवर्गीय कल्याणाला १५ टक्के, महिला-बालकल्याणाला १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के अशी बंधने आहेत, ती योग्यच आहेत. उरलेल्यावर गावाचा हक्क. नळयोजना बांधून मिळते, पण पंपाचे वीजबिल आणि वाल्वमनचा पगार पाणीपट्टीतूनच जातो. पाणीपट्टी वर्षानुवर्षे न वाढवणारे गाव शेवटी वीज तोडली म्हणून आमदारांकडे जाते, आणि त्या दिवशी स्वराज्य संपलेले असते. तुमच्या पुढच्या ग्रामसभेत मी पहिला विषय ठेवेन तो विशेष पाणीपट्टीचा: वर्षाचा वीज, दुरुस्ती, टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची) पावडर, पगार यांचा खर्च फळ्यावर लिहायचा, नळजोडण्यांनी भागायचे, आणि येणारा आकडा नियमातल्या कमाल दरात बसतो का ते पाहून ठराव करायचा. दर का वाढला हे लोकांना डोळ्यांपुढे दिसले की विरोध पुष्कळ निवळतो.

ग्रामसभेच्या गणपूर्तीकडेही, म्हणजे किमान उपस्थितीकडेही, लक्ष द्या. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी ते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून बरीच गावे मुद्दाम तहकुबीवर सभा उरकतात. कायद्यात बसते, पण करवाढीसारखा ठराव तहकूब सभेत करू नका. भरल्या सभेत झालेल्या ठरावाला नंतर कोणी हात लावत नाही. ग्रामसभेआधीची महिला सभाही कागदोपत्री उरकू नका. पाण्याचा विषय तिथे सर्वात नेमका मांडला जातो.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांचे चित्र याहून बरेच पुढचे आहे. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत, पालघर-नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा केंद्राचा कायदा) आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. तिथे एखादा पाडा किंवा वस्तीही स्वतःला वेगळे गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी करू शकते आणि तिची स्वतंत्र ग्रामसभा होते. गौण वनोपज, गौण खनिज, बाजार, सावकारी, आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण यांत त्या ग्रामसभेचा शब्द मोजावा लागतो. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो.

या बाबतीत गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) चा अभ्यास प्रत्येक सदस्याने करावा. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक असते. घोषणेमागचे कागदी काम कमी जणांना ठाऊक असते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांनी सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वन विभागाच्याच हातात होता. गाव हटले नाही. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१३ मध्ये गावाने १९६४ चा ग्रामदान अधिनियम हुडकून काढून जमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी दर वेळी आधी अभ्यासगटात कायदा वाचला, मग सर्वसहमती होईपर्यंत चर्चा केली, आणि मगच ठराव लिहिला. बांबूच्या उत्पन्नाने गावाला बळ दिले हे खरे, पण त्या उत्पन्नाचा दरवाजा एका कलमाने उघडला होता.

राहिला शहरांचा आणि तुमच्या नगरपंचायतीचा प्रश्न.

शहरे मोठी असतात, त्यांची अंदाजपत्रकेही मोठी असतात, म्हणून त्यांना अधिकारही मोठे असतील असे वाटते. महापालिकेत कारभाराची कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे असते आणि आयुक्त राज्य शासन नेमते. महापौरांकडे सभेचे अध्यक्षपद असते. महापालिकेने पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, हा तिचा खराखुरा अधिकार. पण तिने केलेला उपविधी राज्याच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही, आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य तिचा ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. नगरपरिषदेच्या बाबतीत नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यांना ठराव थांबवता येतो. बांधकामाचे नियम एकेकाळी शहरागणिक वेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच नियमावली आली. तिने गुंता कमी केला, पण डोंगराळ गावाला आणि सपाटीवरच्या शहराला स्वतःला शोभेल असा नियम करण्याची मुभाही घटली.

पैशाचे तर विचारू नका. जकात हे महापालिकांचे स्वतःचे, रोजचे उत्पन्न होते. तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ती १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी उठली, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली. आता राज्य भरपाई देते. स्वतः वसूल केलेला पैसा आणि महिन्याला येणारी भरपाई यांत आकडा तोच असला तरी सभागृहाचा ताठपणा तोच राहत नाही.

आणि निवडणुका. थेट नगराध्यक्ष २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. थेट सरपंचाचेही तसेच: २०१७, २०२०, २०२२. कोणत्याही गावाला किंवा शहराला विचारून हे झाले नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. पाच वर्षांत निवडणूक झालीच पाहिजे असे घटना सांगत असताना हे घडले, आणि राज्यातल्या शहरांतून त्याविरुद्ध जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही, याचे मला आजही दुःख आहे.

नगरपंचायत झाली तर तुमच्याकडे मुख्याधिकारी येईल, शहरी योजनांचा निधी येईल, बांधकाम परवानगी स्थानिक पातळीवर मिळेल. हे फायदे खरे आहेत आणि दहा हजारांवरच्या, शेतीबाहेर रोजगार असलेल्या गावाला त्यांची गरजही असू शकते. बदल्यात वित्त आयोगाचा ग्रामीण वाटा आणि ग्रामीण योजना जातील, करांचे दर बदलतील. आणि ग्रामसभा जाईल. १७ नगरसेवक निर्णय घेतील. मतदाराने उभे राहून हिशेब विचारण्याची, लाभार्थ्यांच्या यादीवर हरकत घेण्याची जागा उरणार नाही. प्रभाग समित्या घटनेने तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांत बंधनकारक आहेत, तुमच्यासारख्या ठिकाणी नाहीत. क्षेत्रसभेची, म्हणजे शहराच्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे, पण चालती क्षेत्रसभा मला क्वचितच दिसली.

म्हणून नगरपंचायतीचा विषय "अधिकार वाढतील" या एका वाक्यावर ठरवू नका. घरपट्टी आज किती आणि तेव्हा किती, कोणत्या योजना बंद होतील, शेतीपट्ट्यातल्या वाड्या हद्दीत घ्यायच्या की नाही, हे लिहून काढा आणि त्यावर विशेष ग्रामसभा घ्या. प्रारूप अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांना मुदत असते. गावाचे मत काहीही ठरो, सह्यांची यादी, आकड्यांचा तक्ता आणि ठरावाची प्रमाणित प्रत त्या मुदतीत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. मुदतीनंतर पोहोचलेल्या ठरावाची दखल घेणे कोणावरही बंधनकारक नसते.